मुकादमांचा शेक

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी पाणी विचारतात. आमचे मुकादम विचारायचे, "कुठं दुखतंय?" आणि ‘कुठंच नाही’ असं म्हटलं तर त्यांना मनापासून वाईट वाटायचं. मग ते तुम्हाला ओट्याच्या तीन पायऱ्या पुन्हा उतरून चढायला लावायचे, मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "डावा गुडगा. तुमाला अजून कळलं नाय, पन त्याला कळलंय."

मी मुळात काळजी करणारा माणूस. एस.टी. उशिरा आली तर नोकरी जाईल म्हणून माझ्या पोटात गोळा, आणि वेळेवर आली तर पुढं काहीतरी विपरीत वाढून ठेवलेलं असणार म्हणून गोळा. साठचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांचा, पोशीरच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलेला. आमचं गाव खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूला. रोज जाऊन येऊन जमण्यासारखं नव्हतं. खोली शोधत फिरलो. चार घरी आधी ‘या, बसा’ झालं, मग गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि त्या खोलीत एकाएकी भाताची पोती ठेवायची ठरली. पाचवं घर मुकादमांचं. मी अंगणातूनच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत. मागाहून कळायला नको." ते गुडघ्याला करंजेल चोळत बसले होते.

"सांगितलंत, बरं केलंत," ते म्हणाले. "आता कंबर कशी हाय ते सांगा. खोलीचं दार ठेंगणं हाय. रोज वाकायला लागंल."

खोली मिळाली. तरी पहिले दोन महिने मी पिशवी पूर्ण रिकामी केली नव्हती.

तीस वर्षं त्यांनी घाटात रेल्वेच्या रुळांवर काढली होती आणि गँगचे मुकादम म्हणून निवृत्त झाले होते. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. बायको वारली होती, मुलगा कल्याणला नोकरीला होता, तो दिवाळीला आणि शिमग्याला बायकोपोरांना घेऊन यायचा. एरवी मुकादम एकटे, आणि सोबतीला त्यांची दुखणी. सकाळी उठले की ओट्यावर मुसळ आडवं टाकून ते त्यावर पाठ घोळवायचे. मग आढ्याला दोन्ही हातांनी लोंबकळायचे, मणके मोकळे व्हावेत म्हणून. साठी उलटलेला, सहा फुटी, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस आढ्याला लोंबतोय हे बघून एक नवा पोस्टमन बोंब मारत पाटलाच्या घरापर्यंत पळाला होता. जेवण झालं की घराला उलट्या पावलांनी अकरा फेऱ्या. आणि दिवसभर गुडघ्यांशी बोलणं चालू. उजव्याला ते ‘साहेब’ म्हणत, कारण तो कधी काय मागेल त्याचा नेम नसे.

संध्याकाळी ओटा भरायचा. आवणीच्या दिवसांत तर बसायला जागा नसायची. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावलेल्या बाया कमरेवर हात ठेवून यायच्या. मुकादम त्यांना ओट्याचा खांब धरून उकिडवं बसायला लावायचे आणि हळूहळू मागं झुकायला सांगायचे. कुणाला निरगुडीच्या पाल्याचा वाफारा, कुणाला एरंडाचं गरम केलेलं पान, कुणाला कोमट मिठाच्या पाण्यात पाय. पण हात ते कुणालाच लावत नसत. तेलाची वाटी पुढं सरकवायची आणि काठीनं दाखवायचं, इथं चोळ, असं चोळ.

"मी चोळलं तर दुखनं मला वळखंल," ते म्हणायचे. "तुज्या अंगातलं हाय, तुला वळखायला पायजे."

हाड मोडलेला किंवा ताप चढलेला माणूस आला की मात्र ते ओट्यावर चढूही देत नसत. "हितं फकस्त शिरा आन् स्नायू," असं ओरडून त्याला नेरळच्या डॉक्टरकडं पिटाळायचे.

त्यांचा खरा दोष म्हणजे तोंड. कुणाचं काय दुखतं हे ते ओट्यावरून रस्त्यापर्यंत जाहीर करत. कुणाची शीर चोंदली, कुणाच्या खांद्यात वात शिरला, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, सगळं गावाला पाठ. त्यामुळे माझा उजवा कोपर दुखायला लागला तेव्हा मी तो पंधरा दिवस लपवला. फळ्यावर लिहायला हात वर केला की कोपरापासून करंगळीपर्यंत सणक जायची. खडू सुटायचा. मी वाकून उचलायचो आणि हसायचो. शेवटी मुकादमांनीच ओळखलं. मी तांब्या डाव्या हातानं उचलला, तेवढं त्यांना पुरलं.

शेकासाठी त्यांच्याकडं घाटातून आणलेली बारीक वाळू होती. ती लोखंडी तव्यात तापवायची, जाड फडक्यात बांधायची, आणि पुरचुंडीची शेंडी धरून दुखऱ्या जागी ठेवायची. पुरचुंडी ते आधी स्वतःच्या गालाला लावून बघत. मग ज्याचं दुखणं त्यानं धरायची, आणि सोसेनासं झालं की ‘पुरे’ म्हणायचं. माझ्या कोपराच्या जरा खाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता. शिबं असेल म्हणून मी कधी त्याच्याकडं लक्ष दिलं नव्हतं. पुरचुंडी नेमकी तिथंच बसायची.

पहिल्या दिवशी मी पुरे म्हटलंच नाही. मुकादम खूश झाले. "मास्तर, सोसता की!" दुसऱ्या दिवशी वाळू थोडी जास्त तापवली. मी शेंडी धरून बसलो, गप्पा मारत. ओट्यावरचे बघायला लागले. एका तगड्या हमालानं तीच पुरचुंडी घेतली आणि दहाच्या आत खाली टाकली. हशा पिकला. आठवडाभरात माझं नावच झालं. मुकादम रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगत, "दिसायला काडी हाय, पन असा सोसनारा गडी घाटात पन बघितला नाय मी." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. जन्मभर मी भित्रा म्हणून ओळखला गेलेलो. पहिल्यांदाच कुणीतरी मला मर्द म्हणत होतं, आणि तेही चारचौघांत. रोज वाळू आणखी तापत गेली. गालाला लावून बघायचंही मुकादम विसरले.

मग एका मंगळवारी हमाल म्हणाला, "मास्तर, फोड आलाय की!"

मी खाली पाहिलं. चट्ट्यावर लिंबाएवढा फोड टरारून आला होता. मला काहीही कळलं नव्हतं. ओट्यावरचे हसले, कुणीतरी "वा रं पठ्ठे" म्हणालं. मुकादम हसले नाहीत. त्यांच्या तोंडावरचा रंगच गेला. "ओटा बंद," ते म्हणाले, "आज कुनाचं दुखनं बगनार नाय," आणि सगळ्यांना घालवून त्यांनी मला आत नेलं.

"डोळं मिटा. जितं लागंल तितं बोट ठेवा."

त्यांच्या हातात कोंबडीचं पीस होतं. पीस दंडाला लागलं, मी बोट ठेवलं. मनगटाला लागलं, ठेवलं. मग काहीच नाही. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. परसात कुणीतरी बांबू तोडत होतं.

"लावा की," मी म्हणालो.

मी डोळे उघडले. पीस फोडाच्या कडेला माझ्या कातडीवर टेकलेलंच होतं.

"तीनदा लावलं, रं," ते म्हणाले. त्या दिवसापर्यंत ते मला ‘तुमी’ म्हणत असत.

रोगाचं नाव दोघांनीही घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. महारोगी कसे दिसतात ते मी नेरळ स्टेशनाबाहेर पाहिलं होतं, त्यांच्या हातांकडं बघू नये म्हणून मी नेहमी घाईनं जिना चढायचो. मी तिथंच जमिनीवर बसलो. मुकादम माझ्यासमोर बसले आणि तव्यातली वाळू बोटानं उकरत राहिले.

"माज्या गँगला एक व्हता," ते म्हणाले. "हातोड्यानं हाताला फोड यायचं, त्याला पत्ता नसायचा. सोसतो म्हनून मी त्याला बी शाबासकी द्यायचो. मंग कळलं. मीच साहेबाला जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिशी त्याला काढला. बाकीची पोरं वाचली म्हनलं. तो कुठं गेला, मी इचारलं बी नाय." मग म्हणाले, "आन् दोन हप्ते झालं, मी पुन्ना तेच करतोय."

त्या रात्रीपासून शनिवारपर्यंत मी काय जगलो ते माझं मला माहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नेरळला जायचं होतं, तिथं एका भाड्याच्या खोलीत या रोगाचा दवाखाना भरायचा. भीती अनेक होत्या. शाळा जाईल. खोली जाईल, आणि दुसरी या गावात मिळणार नाही. घरी धाकट्या बहिणीची सोयरीक चालू होती, ती मोडेल. पण सगळ्यांत मोठी भीती समोर ओट्यावर मुसळावर पाठ घोळवत होती. या माणसाच्या पोटात आजवर एकही गोष्ट राहिली नव्हती. कुणी येऊन बसलं की मी आतून कान लावायचो. बुधवारी हमालानं विचारलंच, "मास्तराच्या कोपराचं काय?"

"लचक व्हती," मुकादम म्हणाले. "गेली."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझा कोपर चाचपला, सुईची बोथट बाजू आणि टोकदार बाजू ओळखायला लावली, आणि मी अपेक्षा केली होती तसं काहीच म्हणाले नाहीत. "लवकर आलात," म्हणाले. "तुमच्यापासून कुणाला लागायची भीती नाही. गोळ्या न चुकता घ्यायच्या, काही वर्षं. हात रोज पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, बोटं एक एक करून सरळ करायची. स्वतः करायचं. आणि शेकाच्या जवळ जायचं नाही. कुणी दिला हा शेक?"

"मी," मुकादम म्हणाले, आणि शाळेतल्या मुलासारखी मान खाली घातली.

बाहेर पडलो तर दारात रांगेसमोर गंगाराम उभा. तो पोशीरहून नेरळला दूध घालायचा. खांद्यावर रिकामे कॅन. त्यानं मुकादमांकडं पाहिलं, दारावरच्या पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या हातात गोळ्यांची पुडी होती.

"मुकादम, तुमी? हितं?"

मुकादमांनी माझ्या हातातली पुडी घेतली. "माज्याच गोळ्या," ते म्हणाले. "हात बधिर झालाय. एकट्याला कसं यायचं म्हनून मास्तराला सोबत आनला." आणि एरवी ओट्यावरून बोलत तशाच मोठ्या आवाजात त्यांनी रांगेला ऐकू जाईल असं आपलं दुखणं सांगायला सुरुवात केली.

वाटेत मी त्यांचा हात धरला. "हे काय केलंत? आता गावभर होईल."

"व्हऊ दे. मला कोन शाळेतनं काडनार हाय?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

ओटा एका दिवसात ओस पडला नाही. आधी बाया यायच्या थांबल्या. मग म्हातारे अंगणातूनच बोलायला लागले. हमाल सगळ्यांत उशिरापर्यंत आला, पण बसायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मी रोज करत असे. मुकादमांनी त्यासाठी दोन घंगाळं ठेवली होती. माझं आत, त्यांचं ओट्यावर. रस्त्यावरून दिसेल असा ते आपला ठणठणीत उजवा हात अर्धा तास पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे, बोटं मांडीवर सरळ करायचे आणि मोठ्यानं मोजायचे. मी आतून त्यांच्या मोजण्याबरोबर माझी बोटं सरळ करायचो. गोळ्या त्यांनी दर्शनी कोनाड्यात ठेवल्या होत्या. घाटातली वाळू मात्र त्यांनी कुंपणापलीकडं ओतून टाकली. पुन्हा कुणाला शेक दिला नाही, आणि मागायलाही कुणी आलं नाही.

नाक्यावरच्या हॉटेलात आम्ही दोघं चहाला जायचो. एक दिवस मला काचेचा पेला आला आणि मुकादमांना कानतुटकी कपबशी, वळचणीत खोचलेली, काढून दिली. ‘पिऊन झाल्यावर इसळून तितंच ठेवा,’ पोऱ्या नव्हे, खुद्द मालक म्हणाला. मी त्या कपबशीकडं बघत राहिलो. माझे वडील अशाच वेगळ्या कपातून हॉटेलाच्या बाहेर उभं राहून चहा प्यायलेले मी पाहिले होते. दीक्षा घेतली त्या वर्षापासून त्यांनी हॉटेलात चहा पिणंच सोडलं. आणि मी आता आत बाकावर बसलो होतो, पेल्यातून चहा पीत होतो, आणि तो कप माझा होता. मला उठता आलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा संपवला. मुकादमांनी कप विसळला, वळचणीत खोचला आणि वाटेत मला साखर जास्त होती असं सांगितलं.

त्या दिवाळीला मुलगा एकटाच आला. अंगणात उभा राहिला. मुकादम पुन्हा पुन्हा त्याच्या पाठीमागं रस्त्याकडं बघत होते.

"पोरं?"

"परीक्षा हाय, बाबा."

दिवाळीत परीक्षा नसते हे मास्तर म्हणून मला माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत होतं. त्यांनी नातवंडांसाठी आणलेली टिकल्यांची पिस्तुलं कोनाड्यात गोळ्यांशेजारी ठेवून दिली. त्या संध्याकाळी मी म्हणालो, "मी सांगून टाकतो. निदान तुमच्या मुलाला."

"भैनीचं लगीन झालं?"

"वैशाखात आहे."

"मंग गप ऱ्हा."

वैशाखात लग्न झालं. मग माझी नोकरी कायम व्हायची होती. मग माझंच लग्न ठरलं. सांगायला योग्य वेळ कधी नव्हतीच, आणि मी तिची वाट बघत राहिलो, हे आता लिहितानाही लाज वाटते. हात सुधारत गेला. आधी करंगळीत मुंग्या यायला लागल्या, मग चक्क दुखायला लागलं. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा मुकादम लहान मुलासारखे नाचले होते. काही वर्षांनी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि माझी बदली लोधिवलीकडं झाली. निघताना मी म्हणालो, "आता सांगतोच." ते म्हणाले, "लोकं इसरली असतील आता." ओट्यावर त्या वेळी आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

पुढं शिमग्याला जाईन, सुट्टीत जाईन म्हणता म्हणता मी दोनदाच गेलो. दोन्ही वेळा सांगितलं नाही. मग मुलाचं कार्ड आलं, बाबा गेले.

मी पोचलो तेव्हा दहावा होऊन गेला होता. नाक्यावर हॉटेलात गावातले पाचसहाजण होते, हमाल होता, गंगाराम होता, आणि कोपऱ्यात डोकं भादरलेला मुकादमांचा मुलगा. कुणीतरी म्हणालं, खांदा द्यायला माणसं जमवताना नाकी नऊ आले. मी उभा राहिलो आणि सांगितलं. फोड, पीस, पुडी, सगळं. "रोग मला होता. त्यांना कधीच काही झालं नव्हतं. हा हात बघा." आणि उजवा हात सगळ्यांसमोर धरला.

ते बघत राहिले. पाचही बोटं सरळ. कुठं वाकडेपण नाही.

"मास्तर," हमाल हळूच म्हणाला, "एवडं मोटं मन कोनाचं नसतं हो. मेलेल्या मान्साचं नाव राखायला सोताला बोल लावून घेतला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गंगारामनं मान हलवली. त्यानं मुकादमांना दवाखान्याच्या दारात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मालकानं माझ्यासाठी चहा टाकला. मी नाही नाही म्हणत राहिलो, डॉक्टरांना विचारा म्हणालो, ते डॉक्टर केव्हाच बदलून गेले होते. मी जितका ओरडलो तितके ते मला जास्त चांगला माणूस समजत गेले.

मग मुलगा उठून आला. माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठा असेल. "पोरांना मी शेवटपर्यंत आनलं नाय, मास्तर," तो म्हणाला. "मला भ्या वाटलं. तुमी परके, पन बाबांसाटी एवडं खोटं बोल्लात."

"खोटं नाही हो," मी म्हणालो. "खरंच सांगतोय."

त्यानं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि रडायला लागला. त्याचे तळवे घामानं ओले होते, ऊन होते, आणि ते मला करंगळीच्या टोकापर्यंत लागत होते.